खेळाडूची लघवी कशाला तपासायची?

गेल्या महिन्यात एका शाळेचे क्रीडाशिक्षक सायंकाळी दवाखान्यात आले. सोबत अकरावीतला एक मुलगा होता. उंची सहा फूट एक इंच, अंगातला गंजीफ्रॉक घामाने चिंब, श्वास अजून पुरता खाली बसलेला नाही. बास्केटबॉलच्या विभागीय स्पर्धेसाठी त्याची निवड झाली होती. सरांनी एक छापील कागद माझ्यापुढे ठेवला. "सदर खेळाडू शारीरिकदृष्ट्या सक्षम आहे" हे वाक्य त्यावर आधीच छापलेले होते. माझी सही आणि शिक्का, एवढेच बाकी होते.

मी मुलाची छाती तपासली, रक्तदाब घेतला आणि एक लहान बाटली हातात देऊन लघवीचा नमुना आणायला सांगितले. सरांचा चेहरा पडला. "डॉक्टरसाहेब, पोरगं रोज दोन तास पळतंय. त्याची लघवी कशाला तपासायची? आजारी थोडाच आहे तो?"

प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणारे सर एकटे नाहीत. जो धावतो, उड्या मारतो, दंड-बैठका काढतो त्याची आतली इंद्रियेही तितकीच धडधाकट असणार, असे आपण सर्वच जण धरून चालतो. डॉक्टरही धरून चालतात. मीही चाललो होतो, त्याविषयी पुढे सांगेन. आधी एका खेळाडूची गोष्ट सांगतो. आमच्या घरी पुतण्याला बास्केटबॉलचे वेड होते. त्याच्या खोलीत या खेळाडूचे ३३ क्रमांकाच्या पोशाखातले चित्र कित्येक वर्षे भिंतीवर होते. मला त्या खेळातले फारसे कळत नाही. पण या माणसाचा वैद्यकीय इतिहास मी एखाद्या केसपेपरसारखा वाचला आहे.

अलोन्झो मॉर्निंग हे त्याचे नाव. जन्म ८ फेब्रुवारी १९७०, अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात चेसापीक या गावी. आईवडील विभक्त झाले आणि हा मुलगा एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी वाढला. त्या बाई अशा अनेक मुलांना आपल्या घरात सांभाळत. उंची वाढत वाढत सहा फूट दहा इंचांवर थांबली. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठातून खेळून तो १९९२ साली एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत उतरला. त्या वर्षीच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला क्रमांक शकील ओनीलचा आणि दुसरा मॉर्निंगचा होता. आधी शार्लट हॉर्नेट्स या संघाकडून तीन मोसम आणि १९९५ पासून मायामी हीट या संघाकडून तो खेळला. १९९६ साली या संघाने त्याच्याशी सात वर्षांचा, सुमारे साडेदहा कोटी डॉलरचा करार केला.

त्याचे काम मुख्यतः बचावाचे. प्रतिस्पर्ध्याने बास्केटकडे टाकलेला चेंडू हवेतच हाताने अडवायचा, यात तो वाकबगार होता. १९९९ आणि २००० अशी सलग दोन वर्षे एनबीएतील सर्वोत्तम बचावपटूचा मान त्याला मिळाला. त्यानंतर सिडनीचे ऑलिंपिक आले. स्पर्धा चालू असतानाच मुलीच्या जन्मासाठी तो अमेरिकेला जाऊन आला आणि पुन्हा खेळायला उभा राहिला. १ ऑक्टोबर २००० रोजी अमेरिकेने अंतिम सामन्यात फ्रान्सला हरवले आणि त्याच्या गळ्यात सुवर्णपदक पडले.

त्याच महिन्याच्या १६ तारखेला जगाला कळले की या माणसाच्या मूत्रपिंडांना गंभीर आजार झाला आहे.

वाचकांनी या तारखा पुन्हा पाहाव्यात. पदक आणि निदान यांत जेमतेम दोन आठवड्यांचे अंतर आहे. मूत्रपिंडाचा असा आजार दोन आठवड्यांत तयार होत नाही. म्हणजे सिडनीच्या मैदानावर उड्या मारणाऱ्या त्या धिप्पाड शरीरात तो आधीपासूनच होता. परत आल्यावर त्याला थकवा जाणवत होता, पायांवर सूज होती. अर्ध्या पृथ्वीचा विमानप्रवास दोनदा केलेल्या माणसाने असली सूज प्रवासावर ढकलली तर त्यात नवल ते काय? पण मोसम सुरू होण्यापूर्वी संघातील प्रत्येक खेळाडूची संपूर्ण तपासणी करायची, असा तिथला दंडक आहे. कोट्यवधी डॉलर गुंतवलेले असतात, म्हणून तो पाळलाही जातो. त्या तपासणीत रक्तातले आणि लघवीतले आकडे बिघडलेले दिसले. पुढच्या तपासण्यांत आजाराचे नाव निघाले : फोकल सेगमेंटल ग्लोमेरुलोस्क्लेरोसिस. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात एफएसजीएस म्हणतात.

नाव अवजड असले तरी अर्थ सोपा आहे. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. एकेक गाळणी म्हणजे अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता. दिवसभरात या गाळण्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला बहुतेक सगळा पुढच्या नळ्यांमध्ये परत शोषला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर पडतो. गाळणीचे खरे कौशल्य काय सोडायचे यापेक्षा काय अडवायचे यात आहे. रक्तातली प्रथिने तिने अडवायची असतात. चहाच्या गाळणीची जाळी फाटली की पत्ती कपात उतरते, तशी ही जाळी बिघडली की प्रथिने लघवीत उतरू लागतात. या आजारात काही गाळण्यांवर, आणि त्या गाळण्यांच्याही काही भागांवरच, वण धरू लागतात. म्हणून फोकल आणि सेगमेंटल. स्क्लेरोसिस म्हणजे कठीण होणे, वण येणे. सुरुवातीला थोड्याच गाळण्या बिघडतात. उरलेल्यांवर कामाचा बोजा वाढतो, मग त्याही थकतात. असे करत वर्षा-दोन वर्षांत किंवा दहा वर्षांत मूत्रपिंड निकामी होते.

या काळात रोग्याला काय दुखते? काहीही दुखत नाही. हाच या आजाराचा कावा आहे. मुतखड्याचा रोगी गडाबडा लोळतो, म्हणून रात्री दोन वाजता का होईना डॉक्टरकडे येतो. गाळण्या वण धरून मरत असताना पाठीत एक कळ येत नाही. "किडनी दुखते" म्हणून पाठीला हात लावून येणाऱ्या शंभरांपैकी बहुतेकांची पाठ दुखत असते. ज्याची किडनी खरोखर जात असते तो शेतात किंवा मैदानावर असतो. दोन्ही मूत्रपिंडांची मिळून निम्म्याहून अधिक क्षमता संपेपर्यंत माणूस चालता-फिरता राहू शकतो.

खुणा असतात, पण क्षुल्लक वाटणाऱ्या. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगवटा. सायंकाळी मोज्याच्या रबराचा खोल वळ, चपलेचा पट्टा घट्ट होणे. लघवीला फेस येणे आणि तो पाणी ओतल्यावरही लवकर न विरणे. रक्तदाब वाढणे. तरुण माणसाचा रक्तदाब वाढलेला सापडला तर मूत्रपिंडाकडे पाहिल्याशिवाय गोळी लिहून देऊ नये, असे आम्हाला महाविद्यालयात शिकवले होते. आम्ही शिकलो त्या काळी लघवीतील प्रथिने पाहायला परीक्षानळीत लघवी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर वरचा भाग उकळायचा आणि ॲसिटिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकायचे. प्रथिने असली तर अंड्याच्या पांढऱ्याप्रमाणे ती गोठतात आणि ढगासारखी गढूळता दिसते. आता रंग बदलणारी कागदी पट्टी मिळते, मिनिटभरात उत्तर येते. खर्च एका वडापावपेक्षा फार जास्त नाही. तरीही दाखल्याच्या कागदावर या तपासणीला जागा नसते.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी. २००४ सालची गोष्ट. आमच्या भागातला एक कबड्डीपटू माझ्याकडे येत असे. तेवीस वर्षांचा, दूधवाल्याचा मुलगा, चढाईला गेला की हात लावून आल्याशिवाय परतायचा नाही. गुडघा दुखतो म्हणून तो यायचा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी त्याला डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन द्यायचो आणि बरोबर पाच दिवसांच्या गोळ्या. त्या वर्षात असे चार-पाच वेळा झाले असेल. शिवाय मधल्या काळात तो औषधाच्या दुकानातून त्याच गोळ्या परस्पर घ्यायचा, हे मला नंतर कळले. एकदा जाता जाता तो म्हणाला, "डॉक्टर, सकाळी तोंड सुजल्यासारखं वाटतं." मी म्हणालो, "जागरणं कमी कर." त्याचा रक्तदाब मी एकदाही मोजला नाही. तेवीस वर्षांच्या कबड्डीपटूचा रक्तदाब कोण मोजतो? लघवीचा तर विचारही मनात आला नाही. दुसऱ्या वर्षी उलट्या आणि धाप लागून त्याला शहरात नेले तेव्हा रक्तातले क्रिएटिनिन ११ होते. निरोगी पुरुषात ते साधारण ०.७ ते १.३ असते. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे आक्रसलेली होती. मूळ आजार कोणता, हे शोधायची वेळ केव्हाच टळून गेली होती.

माझ्या इंजेक्शनांनी त्याची मूत्रपिंडे गेली का? प्रामाणिक उत्तर असे की आजार बहुधा आधीचाच होता. पण आधीच अधू झालेल्या मूत्रपिंडांना या औषधांनी ढकलले नसेल, असे मी म्हणू शकत नाही. मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी बारीक वाहिनी उघडी ठेवण्याचे काम शरीरात तयार होणारी प्रोस्टाग्लॅन्डिन नावाची द्रव्ये करतात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही वेदनाशामके तीच द्रव्ये बंद पाडतात. तुमचे सांधे थंड होतात आणि त्याच वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही कमी होतो. चांगल्या मूत्रपिंडाला दोन दिवस त्याचे काही वाटत नाही. पण घाम गाळून शरीर कोरडे पडलेले असेल, वय झालेले असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, किंवा आत आजार दबा धरून बसलेला असेल, तर हाच रक्तपुरवठा तोडणे महागात पडते. ऊसतोडीच्या मोसमात कंबरदुखीसाठी रोज सकाळी गोळी घेऊन फडात उतरणारे मजूर माझ्याकडे येतात. त्यांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

या औषधाने मूत्रपिंडाचे काय होऊ शकते हे आपल्याला गिधाडांनी दाखवले आहे. १९९० नंतर आपल्याकडची गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. २००४ साली उलगडा झाला की दुखणाऱ्या गुरांना डायक्लोफिनॅक टोचले जाते, ते जनावर मेले की गिधाडे त्याचे मांस खातात आणि मूत्रपिंडे बंद पडून मरतात. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी हे औषध बंद केले गेले. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचत होत्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरपेक्षा मोठी काढायलाही मनाई झाली. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही. तरी मुद्दा ध्यानात यावा.

मॉर्निंगबद्दलही त्या काळी हीच शंका घेतली गेली, कारण व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये वेदनाशामकांचा वापर भरपूर होतो. एका मोसमात ८२ सामने, शिवाय प्रवास आणि सराव. गोळीशिवाय गुडघे चालत नाहीत. पण एफएसजीएस या गोळ्यांनीच होतो असे सिद्ध झालेले नाही. कृष्णवर्णीय अमेरिकनांत हा आजार गोऱ्यांपेक्षा बराच जास्त आढळतो. त्याचे एक आनुवंशिक कारण २०१० साली सापडले. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या घराण्यांत एका जनुकाचे असे प्रकार आढळतात की जे निद्रारोगाच्या जंतूपासून रक्षण करतात, पण आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन्ही आले तर मूत्रपिंडाला धोका वाढवतात. आपल्याकडे ते जनुक नाही म्हणून आजार नाही, असे मात्र समजू नये. एफएसजीएसचे रोगी भारतातही पुष्कळ आहेत. आणि व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांसाठी वेगळे सांगतो, याचा मॉर्निंगशी काही संबंध नाही : दीर्घकाळ पुरुषी संप्रेरकांची इंजेक्शने घेणाऱ्या काही शरीरसौष्ठवपटूंत हाच वण धरण्याचा आजार न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी नोंदवला आहे. दंड कमावताना गाळण्या गमावू नयेत.

असो. मॉर्निंगच्या आधी याच आजाराचा आणखी एक नामवंत बास्केटबॉलपटू होऊन गेला. सॅन अँटोनिओ स्पर्स संघाचा शॉन एलियट. आपली मूत्रपिंडे अधू आहेत हे माहीत असूनही तो खेळत राहिला. ३१ मे १९९९ रोजी पोर्टलंडविरुद्धच्या सामन्यात शेवटचे काही सेकंद उरले असताना त्याने मैदानाच्या कडेला, टाचा रेषेच्या वर हवेत उचलून, चवड्यांवर उभे राहून चेंडू टाकला आणि तीन गुण मिळवले. सामना एका गुणाने जिंकला आणि पुढे त्याच महिन्याभरात त्यांचा संघ अजिंक्य झाला. ती फेक टाकणाऱ्याची मूत्रपिंडे तेव्हा जवळजवळ संपली होती. ऑगस्टमध्ये सख्ख्या भावाने त्याला मूत्रपिंड दिले आणि मार्च २००० मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला. मूत्रपिंडरोपणानंतर एनबीएत परतलेला तो पहिला खेळाडू. म्हणजे मॉर्निंगला निदान झाले तेव्हा, आपल्या आधी या वाटेने कोणी गेले आहे, एवढा आधार त्याला होता.

मॉर्निंगवर औषधोपचार सुरू झाले. या आजारात स्टिरॉइड, रक्तदाब उतरवून प्रथिनांची गळती कमी करणारी औषधे, आहारात मिठावर बंधन असे उपचार असतात. मार्च २००१ मध्ये तो परतला आणि तेरा सामने खेळला. पुढच्या मोसमात ७५ सामने खेळला. पण २००२-०३ चा सगळा मोसम त्याला बाहेर बसावे लागले. २००३ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सी नेट्स संघाने त्याला घेतले, आणि बाराच सामन्यांनंतर, नोव्हेंबरमध्ये, त्याने निवृत्ती जाहीर केली. रक्तातला रासायनिक समतोल इतका ढळला होता की खेळणे जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी त्याला सांगितले.

इथे थोडे थांबून पोटॅशियमविषयी सांगितले पाहिजे. हा क्षार रक्तात साधारण ३.५ ते ५ या मर्यादेत असावा लागतो. जादा झालेला बाहेर टाकणे हे मूत्रपिंडाचे काम. ते थकले की पोटॅशियम साचते आणि हृदयाचे ठोके बिघडून ते अचानक बंद पडू शकते. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे आणि केळी नेण्याची पद्धत आहे. दोन्हींत पोटॅशियम भरपूर. मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्याला प्रेमाने पाजलेले शहाळ्याचे पाणी त्याचा घात करू शकते. माझ्या त्या कबड्डीपटूच्या आत्याबाईंना हे पटवायला मला दोन दिवस लागले.

तीन वर्षांत मॉर्निंगची मूत्रपिंडे गेली. जगातले उत्तम डॉक्टर, हवा तितका पैसा, वेळेवर निदान, तरी गेली. म्हणून "लवकर कळले की बरे होते" असे मी या आजाराबाबत छातीठोकपणे सांगणार नाही. काहींत औषधांनी तो थांबतो, काहींत थांबत नाही. लवकर कळल्याने मिळतो तो वेळ. या तीन वर्षांत मॉर्निंग शंभर सामने खेळू शकला, रक्तदाब आवरला गेला, आणि दाता शोधायला अवधी मिळाला. माझ्या रोग्याला यातले काहीच मिळाले नाही. तो थेट डायलिसिसच्या खाटेवर गेला.

दाता मिळाला तो अनपेक्षित ठिकाणाहून. नात्यातला एक भाऊ, अमेरिकेच्या मरीन दलात नोकरी केलेला, ज्याची आणि मॉर्निंगची कित्येक वर्षांत गाठभेट नव्हती. तपासण्या जुळल्या आणि १९ डिसेंबर २००३ रोजी न्यूयॉर्कमध्ये रोपण झाले. पुष्कळांचा समज असतो की जुने मूत्रपिंड काढून त्याच जागी नवे बसवतात. तसे नसते. जुनी दोन्ही बहुधा जागच्या जागी राहतात आणि नवे मूत्रपिंड ओटीपोटात पुढच्या बाजूला, बहुधा उजवीकडे, बसवून मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात. पाठीमागे बरगड्यांच्या आड जी सुरक्षित जागा निसर्गाने दिली आहे, ती या नव्या पाहुण्याला मिळत नाही. कोपर आणि गुडघे चालणाऱ्या खेळात पुन्हा उतरणे किती धाडसाचे आहे, हे यावरून कळेल. शिवाय शरीराने परके इंद्रिय झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात, आणि एफएसजीएस तर सुमारे एकतृतीयांश रोग्यांत नव्या मूत्रपिंडातही परत येतो.

आपल्याकडे असा लांबचा भाऊ पुढे आला तर काय होईल, असे मला विचारले जाते. १९९४ च्या कायद्याप्रमाणे आईवडील, मुले, भाऊबहीण आणि पती-पत्नी हे जवळचे नातेवाईक. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडेही त्यात आली. चुलत, मावस, आते, मामे भाऊबहिणी त्यात नाहीत. त्यांना देता येते, पण त्यासाठी प्राधिकार समितीची परवानगी लागते. पैशाचा व्यवहार नाही ना, याची ती समिती खात्री करून घेते. कागदपत्रांचा त्रास होतो. गरिबाची मूत्रपिंडे विकली गेल्याची प्रकरणे पाहता, तो त्रास असावा असेच माझे मत आहे. माझ्या रोग्याला त्याच्या आईने मूत्रपिंड दिले. त्या माउलीची तब्येत आजही ठणठणीत आहे. उरलेले मूत्रपिंड वाढून जास्तीचे काम पेलते, हे दात्यांच्या घरच्यांनी लक्षात ठेवावे. मात्र दात्याने रक्तदाब आणि लघवी दरवर्षी तपासून घेतलीच पाहिजे.

मॉर्निंग २००४ च्या अखेरीस पुन्हा मैदानात दिसला आणि मार्च २००५ मध्ये आपल्या जुन्या मायामी संघात आला. आता तो पहिल्या पाचांतला नव्हता. शकील ओनीलला विश्रांती देण्यासाठी तो काही मिनिटे उतरायचा. २० जून २००६ रोजी डॅलसविरुद्ध अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात त्याने पाच वेळा प्रतिस्पर्ध्याचा चेंडू हवेत अडवला आणि मायामी हीट प्रथमच अजिंक्य ठरला. उधार घेतलेल्या एका मूत्रपिंडावर चालणारे ते शरीर तेव्हा ३६ वर्षांचे होते. पुढे १९ डिसेंबर २००७ रोजी, रोपणाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, सामन्यात त्याच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध तुटला आणि खेळ संपला तो तिथे. मूत्रपिंडाने नव्हे, गुडघ्याने त्याला थांबवले! जानेवारी २००९ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली आणि मार्चमध्ये मायामी संघाने ३३ क्रमांक कायमचा राखून ठेवला. २०१४ मध्ये बास्केटबॉलच्या मानवंत खेळाडूंच्या दालनात त्याची नोंद झाली.

तो माझ्याच पिढीचा. २०२४ साली त्याच्याविषयी पुन्हा वाचले. पौरुष ग्रंथीचा कर्करोग रक्ततपासणीवरून सापडला आणि त्या वर्षी मार्चमध्ये ती ग्रंथी काढून टाकली. याही वेळी त्याला काही त्रास होत नव्हता. ते वाचून दुसऱ्याच दिवशी मी स्वतःची तपासणी करून घेतली. रोग्यांना दहा वर्षे सांगत होतो. स्वतःची राहिली होती.

माझा कबड्डीपटू आता चाळिशी ओलांडून गेला आहे. आईचे मूत्रपिंड नऊ वर्षे चालले. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो, बाकीचे दिवस वह्या-पुस्तकांच्या दुकानात बसतो. रक्तदाब दाखवायला माझ्याकडेच येतो. एकदा धीर करून मी त्याला म्हणालो, "तेव्हा मी तुझी लघवी तपासायला हवी होती रे." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तुम्ही सांगितलं असतं तरी डॉक्टर, मी काही तेव्हा खेळ सोडला नसता." हे त्याने माझी समजूत काढायला म्हटले की खरोखर तसे आहे म्हणून, ते मला आजवर कळलेले नाही.

तर त्या अकरावीतल्या मुलाची लघवी. पट्टीवर प्रथिने 'एक प्लस' निघाली. सर घाबरले, मुलगा तर पांढराफटक पडला. मी विचारले, "आत्ता खेळून आलास ना?" तो सरळ मैदानावरून आला होता. जोराचा व्यायाम केल्यावर धडधाकट माणसाच्या लघवीतही काही तास थोडी प्रथिने उतरतात. तापातही तसे होते. म्हणून एका नमुन्यावर निकाल द्यायचा नसतो. "उद्या खेळू नकोस, परवा सकाळी उठल्याबरोबर पहिली लघवी घेऊन ये," असे त्याला सांगितले. त्याने आणली. पट्टी स्वच्छ पिवळी राहिली, रक्तदाब ११४/७२ होता. मी दाखल्यावर सही केली, वर तपासणीचा आकडा पेनने लिहिला.

संघातल्या बाकीच्या अकरा मुलांनाही पाठवा, पैसे घेणार नाही, असे मी सरांना सांगितले होते. कोणी आले नाही. त्यांचे दाखले दुसरीकडून एकाच दिवसात सही-शिक्क्यासह मिळाले, असे नंतर कळले.